अठ्ठ्याण्णवची खिडकी

आमच्या भालकीच्या घरात माळ्यावर एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात चार लिप्यांतले कागद आहेत. पणजोबांच्या वेळची मोडीतली खरेदीखते, निजामी अमलातले उर्दू दस्तऐवज, १९५६ नंतरच्या कन्नड पहाण्या, आणि वडिलांनी आईला माहेरी धाडलेली बाळबोध अक्षरातली पाचसहा पत्रे. शेताच्या बांधावरून काही कुरबुर निघाली, की ट्रंक खाली येते आणि मग उर्दू वाचणारा कोण मिळतो याचा शोध सुरू होतो. माझा थोरला भाऊ होता तोवर ही अडचण नव्हती. दादाचा जन्म १९३६ चा. १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत त्याचे शिक्षण उर्दूतूनच झाले होते. मोडी तो वडिलांकडून शिकला आणि कन्नड नोकरीसाठी. तालुक्याच्या कचेरीतून १९९४ साली तो निवृत्त झाला, तरी औरादपासून हुमनाबादपर्यंतची माणसे धोतराच्या सोग्यात जुने कागद बांधून आमच्या ओसरीवर येत. "कागद आहे, पण वाचणारा नाही," असे म्हणतच ती माणसे बसत, आणि दादा चष्मा पुसायला घेई.

त्याच दादाच्या हातचा मजकूर वाचायला वाचणारा मिळू नये, ही गोष्ट मला सांगायची आहे.

१९९६ ते २००१ या काळात मी आईच्या ओव्या उतरवून घेतल्या. मी मराठी शाळेत शिक्षिका होते. सुट्टीच्या दिवशी पहाटे आईजवळ वही घेऊन बसायचे. आईचे माहेर उदगीर तालुक्यातले. लग्न होऊन ती भालकीला आली तेव्हा माहेर आणि सासर एकाच बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, त्यात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात राहिले. आई जागची हलली नाही, पण तिचे माहेर परमुलखात गेले. तिच्या ओव्यांत त्यानंतर काही पालट झाला का, हे मला पाहायचे होते. आईबरोबर गल्लीतल्या आणखी काही बायका गात. त्यांतल्या दोघी घरी कन्नड बोलणाऱ्या, पण जात्याशी बसल्या की मराठी ओवी गाणाऱ्या. नऊ वह्या भरल्या.

२००१ च्या अखेरीस दादाने संगणक विकत घेतला. पासष्टाव्या वर्षी हे खूळ त्याच्या डोक्यात कोठून शिरले कोण जाणे. त्या संगणकात विंडोज ९८ ही कार्यप्रणाली होती. मराठी टंकनासाठी त्याने एक वेगळी प्रणाली रोख पैसे मोजून आणली. तिच्याबरोबर काडेपेटीएवढे एक 'लॉक' आले. ते संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या रुंद खाचेत बसवायचे. ते तेथे नसेल तर प्रणाली उघडत नसे. दोन पावसाळे दादा दोन बोटांनी माझ्या वह्या टंकत राहिला. वीज गेली की उठून अंगणात फेऱ्या मारी आणि आली की पुन्हा बसे. टंकलेली ओवी तो आईला वाचून दाखवी. आई कधी मान डोलवी, तर कधी "असं नव्हं" म्हणून तीच ओवी पुन्हा गाऊन दाखवी. २००३ च्या माघात आई गेली, तेव्हा थोडेच काम शिल्लक होते. तेही त्याने पुरे केले.

पुढची चूक माझी. २००४ साली घरात कार्य निघाले, रंगसफेदी झाली, आणि त्या धांदलीत मी नऊही वह्या रद्दीवाल्याला दिल्या. "सगळं आता संगणकात आहे की," असे मीच म्हणाले, आणि ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे. छापील प्रत का काढली नव्हती, असे कोणीही विचारील. दादाचा आग्रह होता की आधी शुद्धलेखन तपासून होऊ दे. ते तपासून होण्याआधी, २००६ साली, संगणक बंद पडला. त्याच्या मुख्य पाटीवरचे कपॅसिटर, म्हणजे विजेचे लहान नळकांड्यांसारखे भाग, फुगून वर आले होते. त्या काळी तयार झालेल्या असंख्य संगणकांना तो रोग होता, हे मला फार पुढे समजले. आज दुरुस्त करू, उद्या करू म्हणता म्हणता २००८ साली दादाही गेला. संगणक कोठीच्या खोलीत, आईच्या जात्याच्या शेजारी, जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवला गेला.

तेथे तो कितीतरी वर्षे तसाच पडून राहिला. मध्यंतरी, २०१७ साली, गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून खेडोपाडी हिंडून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या वाचताना मला एकीकडे आनंद होई आणि दुसरीकडे कोठीची खोली आठवून अपराधी वाटे. शेवटी दादाच्या मुलाला, माझ्या भाच्याला, मी फोन केला. तो कलबुर्गीला (आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच) एका महाविद्यालयात संगणक शिकवतो. हो म्हणून त्याने बरीच वर्षे काढली. अखेर २०२५ च्या मे महिन्यात तो कलबुर्गीहून बीदरपर्यंत नव्या लोहमार्गाने आणि तेथून भालकीला असा येऊन दाखल झाला. त्याने आल्या आल्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढली, एका जोडणीने आपल्या लॅपटॉपला लावली, आणि म्हणाला, "आत्या, फायली आहेत."

मला हुंदकाच आला. त्याने पहिली फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस आणि उलटे प्रश्नचिन्ह यांची एक रांगोळी उमटली. तीत मराठीचे एक अक्षर नव्हते.

त्याचे कारण त्याने मला दोनदा समजावून सांगितले, तेव्हा कळले. विंडोज ९८ ला मुळात मराठी येतच नव्हती. तिच्याजवळ अक्षरांसाठी दोनशे छप्पन्न घरे होती. त्यांत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे बिऱ्हाड होते. मराठी प्रणाली काढणाऱ्यांनी त्याच घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसविली. एका घरात पुरा क, दुसऱ्यात अर्धा क, तिसऱ्यात काना, चौथ्यात वेलांटी. पडद्यावर माणसाला ओवी दिसे, पण संगणकाच्या लेखी ते निरर्थक इंग्रजीच असे. शिवाय प्रत्येक कंपनीने घरांची वाटणी आपल्या मर्जीने केली होती, त्यामुळे एकीचा मजकूर दुसरीला कळत नसे. भारतीय लिप्यांसाठी सरकारी प्रमाण १९९१ सालीच ठरले होते. युनिकोड ही जगभरच्या लिप्यांना प्रत्येक अक्षरागणिक स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धतही त्याच वर्षी देवनागरीसकट प्रसिद्ध झाली होती, आणि विंडोज २००० पासून ती वापरता येऊ लागली होती. म्हणजे दादा टंकू लागला त्याआधीच वाट तयार झाली होती. पण ती आमच्या भालकीपर्यंत कोणी आणून पोचवली नाही. कन्नडसाठी निदान कन्नड गणक परिषदेचे 'नुडी' होते आणि त्यामागे राज्य सरकार उभे होते. सीमेअलीकडच्या मराठी माणसाने पुण्याहून येईल ते घ्यायचे, अशीच रीत होती.

मग दादाची ती टंकनप्रणालीच नव्या लॅपटॉपवर का चालवू नये? भाच्याने तसा यत्न केला. नव्या चौसष्ट बिटांच्या विंडोजने तिला दारातच अडविले, कारण त्या प्रणालीची स्थापना करणारा भाग सोळा बिटांच्या जुन्या घडणीचा होता. मग त्याने लॅपटॉपच्या पोटातच एक काल्पनिक जुना संगणक निर्माण केला. यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग घ्यायचे, अशी ती करामत आहे. त्या सोंगात विंडोज ९८ सुरू झाली, निळे आभाळ आणि ढगही दिसले, पण टंकनप्रणालीने लॉक मागितले. लॅपटॉपला प्रिंटरची ती रुंद खाच कोठून असणार? बाजारात मिळणारी जोडणी लावून पाहिली, तर लॉकला ती खरी वाटेना. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली आमच्या हातात होती, पण कुलपाला भोकच उरले नव्हते.

भाचा एकटाच हसला. म्हणाला, "आत्या, तुला बरं वाटेल असं एक सांगतो." इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजाने साऱ्या मुलखाची मोजदाद करून 'डूम्सडे बुक' नावाचे दप्तर लिहविले. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने तशीच नवी मोजदाद संगणकी तबकड्यांवर केली. तिच्यात दहा लाखांवर लोकांनी, त्यांत शाळेतल्या मुलांनीही, भाग घेतला. पण उण्यापुऱ्या सोळा वर्षांत ती तबकडी वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि विद्यापीठातल्या लोकांना नव्या यंत्राला जुन्याचे सोंग घ्यायला लावून ती वाचवावी लागली. मूळचे चामड्यावरचे दप्तर मात्र आजही डोळ्यांनी वाचता येते. मला बरे वगैरे काही वाटले नाही. माझ्या डोळ्यांपुढे रद्दीवाल्याचा तराजू आला.

भाचा गेला तो जूनमध्ये परत आला, आणि येताना मोडीत काढलेला एक संगणक घेऊन आला. २००९ सालचा. दादाच्या यंत्राहून आठ वर्षांनी नवा, पण आजच्या मानाने पुरता म्हातारा. त्याला पाठीमागे ती रुंद खाच होती आणि जुनी हार्ड डिस्क थेट जोडता येईल अशी पट्टीही होती. दोन पिढ्यांच्या मधले असे यंत्र मिळणे आता कठीण झाले आहे, असे तो म्हणाला. दादाची डिस्क त्यात बसविली, लॉक लावले, आणि मी देवापुढे दिवा लावून आले.

संगणक सुरू झाला आणि थांबला. पडद्यावर इंग्रजीत संदेश आला, त्याचा अर्थ असा की स्मृती अपुरी आहे.

दादाच्या मूळ संगणकात १२८ मेगाबाइट स्मृती होती. या यंत्रात दोन गिगाबाइट, म्हणजे त्याच्या सोळापट. आणि तरी ती अपुरी! भाच्याला हा विकार ठाऊक होता. विंडोज ९८ लिहिणाऱ्यांनी एवढी स्मृती कोणाच्या घरी असेल असे धरलेच नव्हते. सुरू होताना ती हाती असलेल्या स्मृतीच्या प्रमाणात डिस्कवरचा मजकूर तात्पुरता साठविण्यासाठी कोठी राखून ठेवते. स्मृती अफाट दिसली, की कोठीही अफाट मागते, आणि बाकीच्या कामांना पत्ते पुरेनासे होतात. एखाद्या बाईला वाडा मिळावा आणि तिने सगळ्या खोल्या धान्यालाच देऊन टाकाव्या, मग चूल मांडायला जागाच नसावी, तसे हे झाले. त्याहून जुन्या विंडोज ९५ ची तऱ्हा आणखी न्यारी होती म्हणे. ती एक ठरावीक काम करून यंत्राचा वेग मोजी. पुढे यंत्रे इतकी चपळ झाली की ते काम होताना वेळ शून्य भरू लागला, आणि शून्याने भागताना ती कोलमडून पडे. यंत्र मंद असल्यामुळे अडलेले काम मी पुष्कळ पाहिले होते, पण यंत्र फार हुशार असल्यामुळे अडलेले काम प्रथमच ऐकले.

मग उपाय काय, तर नव्या यंत्राला आपले सामर्थ्य झाकून वागायला लावायचे. भाच्याने स्मृतीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली. उरलेल्या एक गिगाबाइटातली निम्मीच वापरावी, अशी एक ओळ विंडोजच्या आतल्या फाइलीत लिहिली. पुन्हा संगणक लावला. या वेळी ढग दिसले. त्यानंतर तासभर, नवे यंत्र पाहून भांबावलेल्या त्या जुन्या प्रणालीने एकामागून एक वस्तूंची ओळख विचारली. हे काय आहे, ते काय आहे, याची तबकडी द्या, त्याची द्या. पडद्याची ओळख तिला पटलीच नाही, म्हणून तिने सोळाच रंग दाखविले, आणि अक्षरे भाकरीएवढी मोठी. पेन ड्राइव्ह तर तिला ठाऊकच नव्हता. पण लॉक तिने ओळखले.

दादाची टंकनप्रणाली उघडली. पहिल्या फाइलीवर भाच्याने बोट दाबले आणि त्या सोळा रंगांच्या पडद्यावर आईची पहिली ओवी उभी राहिली, ठळक, काळी, जरा वेडीवाकडी. आम्ही दोघेही काही बोललो नाही. बाहेर पाऊस लागला होता.

मला वाटले होते, फक्त ओव्याच असतील. पण ओव्यांखाली बारीक अक्षरात दादाने टिपा लिहिल्या होत्या, आणि त्यांविषयी तो मला कधी बोलला नव्हता. 'आई येथे थांबली.' 'दुसऱ्या वेळी म्हणताना गावाचे नाव बदलले, आधी उदगीर म्हणाली होती, आता नुसते माहेर.' 'ही तिने अण्णा गेले तेव्हा रचली असे म्हणते, पण मला ही लहानपणापासून आठवते.' एका ठिकाणी एवढेच, 'आज म्हणवले नाही.' तारीख २००३ च्या जानेवारीतली. भाच्याने ती टीप वाचली आणि चहा करतो म्हणून उठून गेला. त्याला चहा करता येत नाही.

पुढचे काम कंटाळवाणे, पण मला गोड वाटले. प्रत्येक फाइल साध्या मजकुराच्या रूपात त्याच डिस्कवर उतरवायची, मग यंत्र बंद करून डिस्क काढायची आणि लॅपटॉपला लावायची. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे याचा तक्ता आम्ही दोघांनी मिळून तयार केला. मी पडद्यावरचे अक्षर वाचायचे आणि त्याने क्रमांक लिहायचा. त्या तक्त्यावरून मजकूर युनिकोडात आणणारा एक छोटा कार्यक्रम त्याने लिहिला. पहिल्या खेपेस ऱ्हस्व वेलांट्यांनी गोंधळ घातला. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाँटांत ती आधी साठवलेली असे. युनिकोड मात्र उच्चाराचा क्रम पाळतो, त्यात ती अक्षराच्या मागून येते. त्यामुळे 'दिवा' शब्दातली वेलांटी अलीकडच्या अक्षराला जाऊन चिकटली. रफाराचे बरोबर याच्या उलट. तो सुधारावा तर 'वाऱ्यावर'मधला र तक्त्यात नव्हता, आणि आईचा वारा वेड्यावाकड्या जोडाक्षराचा झाला. शाळेत मुलांना वेलांटी कोठे द्यायची ते मी तेहतीस वर्षे शिकविले. ती इतकी खोल गोष्ट असेल याची मला कल्पना नव्हती.

दादाच्या हातून टंकताना राहिलेल्या चुका जशाच्या तशा वर आल्या. 'ळ' ऐवजी 'ल', शिरोबिंदू गळलेले. भाचा म्हणाला, "आत्या, हे मी एका फटक्यात सुधारून देतो." मी नको म्हटले. कोणती चूक दादाची आणि कोणता उच्चार आईचा, हे त्याच्या कार्यक्रमाला कसे कळणार? आमच्याकडच्या बोलीत कित्येक ठिकाणी 'ल'च खरा असतो. ते तपासायला मी बसले आहे, अजून पुरते झालेले नाही.

ऑक्टोबरच्या १४ तारखेला, त्याच वर्षी, विंडोज १० ची देखभाल कंपनीने थांबविली. ज्या लॅपटॉपवर आम्ही हे सारे उतरविले त्यात तीच होती. भाच्याने फोन करून सांगितले तेव्हा मी विचारले, "अरे, मग पुन्हा तेच का?" तो म्हणाला, "नाही, आता मजकूर युनिकोडात आहे, यंत्र बदललं तरी चालेल." मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि भालकीच्या बाजारातून शंभर पानांची एक प्रत छापून घेऊन ट्रंकेत टाकली. विंडोज ९८ चे यंत्रही लॉकसकट कोठीत झाकून ठेवले आहे. आठवड्यातून एकदा ते चालू करते. त्या यंत्राला आता बाकी काही काम नाही.

एक फाइल मात्र मधोमध खराब निघाली. डिस्कचा तेवढा भाग मेला होता. चौदा ओव्यांचे शेवट कापले गेले. त्या ओव्यांपुढे दादाने गाणारणीचे नाव लिहिले होते. त्या आईच्या नव्हत्या, गल्लीच्या टोकाच्या अक्कांच्या होत्या. अक्कांचे वय आता नव्वदीच्या घरात आहे. त्यांच्या घरी बोलणे कन्नडातले. मी छापील कागद घेऊन गेले आणि अर्ध्या ओव्या वाचून दाखविल्या. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि मान हलविली. आठवत नाही म्हणाल्या. दोनतीनदा विचारले तरी तेच. मी निघाले, तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारून कन्नडात काही सांगितले. सुनेने परसातून जात्याची वरची तळी आणून त्यांच्यापुढे ठेवली. नुसती वरची, खाली पोते अंथरून. दळायला त्यात काही नव्हते. अक्कांनी खुंटा धरला, एक फेरा घातला, दोन घातले. तिसऱ्या फेऱ्याला त्यांचा आवाज लागला, पण ती ओवी माझ्या कागदावरची नव्हती. पाचव्या की सहाव्या फेऱ्याला कागदावरची आली, आणि कापलेल्या जागी न थांबता पुढे गेली.

माझ्या पर्समध्ये पेन्सिल होती, पण कोरा कागद नव्हता. मी छापील पानाच्या पाठीवर लिहू लागले.